एक माप मोठी

नियम साधा आहे, दिगू.
शस्त्र तुझ्यापेक्षा एक माप मोठं असेल
तर फाशावरचे दोन वजा.
दोन मापं मोठं, तर चार.
तलवार राक्षसाची. तू सव्वातीन फुटांचा.
चार.

"माका तीच व्हयी," दिगू म्हणाला.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना इनाच्या बापाची बेकरी.
भट्टी विझल्यावर भिंती तासभर ऊब धरून राहतात,
त्या तासात आम्ही खेळतो.
पिठाच्या पोत्यांवर फळी, फळीवर
भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर नकाशा.
गुहा आधी शाईचा डाग होती,
मी तिला दार काढलं.
आम्ही सगळे तिसऱ्यांच्या शिंपल्या.
राक्षस म्हणजे उपडी करवंटी,
मागच्या रविवारी मेलेला.

मी दिवसभर काजूच्या कारखान्यात वजनं लिहिते.
अख्खा, पाकळी, तुकडा.
काट्याशी कुणी वाद घालत नाही,
खेळातही माझ्याशी घालणार नाहीत
असं मला वाटायचं.
तलवारीपुढे चाळीस किलो मीच लिहिलं होतं,
दिगूनं भ्यावं म्हणून.

दिगूची कंबर गेली ती रापण ओढताना.
सत्तर माणसं दोराला.
एक सुटला तर दोराला कळतही नाही.
डॉक्टर म्हणाला, पाच किलोच्या वर काही नको.
पाच.
आता तो बर्फाच्या गाडीवर पावत्या फाडतो
आणि सरळ बसायला त्याला
पाठीमागे मैद्याचं पोतं लागतं.

फासा वीस बाजूंचा. पडले अकरा.
वजा चार. चुकला.
पडले नऊ. पातं खांबात रुतलं,
काढण्यात सगळी पाळी गेली.
पडले तीन. इनाच्या जादूगारणीची टोपी उडाली.
"वाऱ्याक चार घाव बसले बघ," सर्फराज म्हणाला,
तो चोर आहे, त्याच्या सुरीला काही वजा होत नाही.

"अरे, कोयतो घे," इना म्हणाली, "हातात बसता."
"हातात बसता ता रोज धरतंय मी," दिगू म्हणाला.
"पेन."

मग फट आली.
खाली पाणी, मागून मशाली.
पलीकडे जायला दोर मी आधीच एका पेटीत लपवला होता.
पेटी कुणी उघडलीच नव्हती.
दिगूनं विचारलं, "लांब किती हा ती?"
"कोण?"
"तलवार."
वही बघितली. नऊ फूट.
"आणि फट?"
आठ. ते आठ मी सहज लिहिले होते,
शपथेवर सांगते.

त्यानं ती आडवी टाकली, सपाट बाजू वर,
होडीवरून धक्क्यावर फळी टाकतात तशी.
"मधे थांबू नको. ती हलायच्या आधी पुढचो पाय टाक.
खाली बघू नको, माशे काय नवीन नाय."
हे तो शिंपल्यांना सांगत होता.
"मूठ मी धरतंय."

मी नियम शोधला.
मारायला वजा चार, ते लिहिलेलं होतं.
धरून ठेवायला काहीच लिहिलेलं नव्हतं.
पानं उलटत राहिले, तोवर इना गेली,
सर्फराज गेला, सुरीबिरीसकट.

आणि दिगू अलीकडेच.
त्याच्यासाठी मूठ कोण धरणार,
हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.
त्याच्या आलं असावं.

तेवढ्यात इनाचा बाप आला, सकाळचं पीठ भिजवायला.
फळी उचलली गेली, भिंती केव्हाच थंड झालेल्या.
दिगूची शिंपली मी पदरात बांधली
आणि तो जिना एकेक पायरी, कठड्याला धरून,
उतरेपर्यंत कुलूप शोधण्याचं नाटक केलं.

सोमवारी काट्यावर चाळीस किलोचं पोतं आलं.
दोघांनी मिळून ठेवलं, दोघांनी उचललं.
मी आकडा लिहिला,
आणि पुढच्या रकान्यात, चुकून,
नऊ फूट.